घाणेरीच्या जागी गवत: राखीव जंगलात अधिवास सुधारण्याचे काम कसे करावे

घाणेरी कोयत्याने कापली की पुढच्या पावसाळ्यात ती आधीपेक्षा दाट होऊन उभी राहते. जिथे एक खोड होते तिथे बुंध्यातून पाच-सहा धुमारे निघतात. जेसीबीने किंवा ओढून उपटली तर मूळ निघते खरे, पण सगळी माती उलटीपालटी होते आणि वर्षानुवर्षे जमिनीत पडलेले बी एकदम उजेडात येऊन रुजते. दोन्ही प्रकारांत पैसा खर्च होतो, फोटो चांगले येतात आणि दोन वर्षांनी जागा होती तशी होते. मुळाचा एक ठरावीक भाग जमिनीखाली तोडायचा, माती कमीत कमी हलवायची आणि मग सलग तीन वर्षे त्याच जागी परत परत जायचे, ही या कामाची खरी रीत. पहिल्या वर्षीची मजुरी मंजूर झाली पण पुढच्या दोन वर्षांची नाही, अशी स्थिती असेल तर क्षेत्र निम्मे करा आणि उरलेला पैसा फेऱ्यांसाठी राखून ठेवा.

टणटणी, घाणेरी, विदर्भात रायमुनिया अशा नावांनी ओळखले जाणारे हे झुडूप मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतले. १८०९ मध्ये ते शोभेचे झाड म्हणून कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणले गेले आणि तिथून पक्ष्यांच्या पोटातून देशभर पसरले. त्याच्या दाट सावलीखाली गवत तग धरत नाही. पानांत लँटाडीन नावाचे विष असल्याने चरणारी जनावरे ती टाळतात. चितळ, गवा, सांबर यांच्या दृष्टीने घाणेरीने भरलेला कक्ष (वन विभागाने आखलेला जंगलाचा तुकडा) म्हणजे हिरवा दिसणारा पण उपाशी ठेवणारा कक्ष. तृणभक्षी तिथून हलले की वाघ-बिबटही हलतात, आणि तृणभक्षी शेतांकडे वळले तर भांडण गावाच्या दारात येते.

आधी कागद

सरकारी वनजमिनीवर सद्हेतू असला तरी एक फांदीही परवानगीशिवाय तोडता येत नाही. अभयारण्यात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे कलम २९ लागू होते: वनोपज काढणे किंवा अधिवासात बदल करणे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवानगीनेच, आणि तेही वन्यजीवांच्या भल्यासाठी व चांगल्या व्यवस्थापनासाठी असेल तरच. राष्ट्रीय उद्यानासाठी कलम ३५ मध्ये तशीच तरतूद आहे. याच कलम २९ नुसार काढलेले वनोपज आत व आजूबाजूला राहणाऱ्या लोकांच्या घरगुती गरजेसाठी वापरता येते, विक्रीसाठी नाही. त्यामुळे घाणेरीची लाकडे बाहेर नेऊन काही उद्योग करण्याची योजना असेल, तर जागा अभयारण्यात आहे की बाहेरच्या प्रादेशिक वनात, हे सगळ्यात आधी तपासा.

कलम ३१ कडे हमखास दुर्लक्ष होते. अभयारण्यात शस्त्र घेऊन जाण्यास लेखी परवानगी लागते, आणि कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत चाकूसुद्धा येतो. कोयते, कुऱ्हाडी, कुदळी किती व कोणाच्या ताब्यात, ही यादी परवानगीच्या पत्रालाच जोडून घ्यावी. कलम ३२ नुसार वन्यजीवांना अपाय करणारी रसायने वापरता येत नाहीत, म्हणून तणनाशकाचा विचार इथे सोडून द्या.

व्याघ्र प्रकल्पात हे काम व्याघ्र संवर्धन आराखड्यात, अभयारण्यात व्यवस्थापन आराखड्यात आणि प्रादेशिक वनात कार्य आयोजनेत (वन विभागाच्या कामांच्या आराखड्यात) बसलेले असावे लागते. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात ग्रामसभेचा ठराव हीच पहिली पायरी. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ५ ने ग्रामसभेला वन, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार दिलेला आहे. मात्र प्रत्यक्ष जागेवर रोज ज्याच्याशी गाठ पडते तो त्या नियतक्षेत्राचा (बीटचा) वनरक्षक असतो. कोणत्या ओढ्यात अस्वलाची मादी बसते, कोणत्या वाटेने गवे पाण्यावर उतरतात हे त्याला आणि जुन्या वनमजुरांना ठाऊक असते. नकाशा त्यांच्यासमोर ठेवूनच पट्टे आखा.

कुठून सुरू करायचे

सगळ्यात दाट जागेपासून सुरुवात करण्याचा मोह होतो. ते चुकते. जिथे घाणेरी अजून विरळ आहे आणि मधूनमधून गवताचे ठोंब जिवंत आहेत, तिथून सुरू करा. अशा जागी मेहनत कमी लागते आणि गवत स्वतःच पसरते. दाट जाळीत खाली गवताचे मूळही उरलेले नसते, त्यामुळे ती काढल्यावर उघड्या जमिनीवर तरोटा आणि रानतुळस उगवते.

उतार असेल तर वरून खाली या. पावसाच्या पाण्याबरोबर बी खाली वाहते, आणि खालचा पट्टा आधी साफ केला तर तो दर पावसाळ्यात पुन्हा पेरला जातो.

पट्टा एक ते दोन हेक्टरचा ठेवा आणि दोन पट्ट्यांमध्ये झुडपांची पट्टी राखा. घाणेरीची जाळी कितीही नकोशी असली तरी तिथे रानडुक्कर, अस्वल, सायाळ आणि कधी वाघीण पिलांसह दुपारचा आसरा घेते. चाळीस हेक्टर एका हंगामात उघडे केले तर या प्राण्यांचा आसरा एका झटक्यात जातो आणि ते जवळच्या शेताच्या कडेला सरकतात. ओढ्याकाठची झाडोरी शेवटी हाताळा, कारण तिथे माती वाहून जाण्याची भीती जास्त.

मजुरीचा अंदाज कार्यालयात बसून काढू नका. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असा चौकोन दोरीने आखा, चार जणांना योग्य पद्धतीने तो साफ करू द्या आणि वेळ मोजा. त्याची शंभर पट म्हणजे एक हेक्टर. दाट, मध्यम आणि विरळ अशा तीन जागी हे केले की अंदाजपत्रक खऱ्याच्या जवळ येते.

काम सुरू होण्याआधी पट्ट्यातली देशी रोपे शोधून त्यांच्याजवळ काठी रोवा. घाणेरीच्या जाळीत तेंदू, मोह, ऐन, बिजा यांची कमरेएवढी रोपे दडलेली असतात, आणि घाईत तीच आधी तुटतात. खूण म्हणून प्लास्टिकची फीत वापरू नका, ती प्राण्यांच्या पोटात जाते. ओळखीचा घोळ निरगुडी, धायटी आणि मुरुडशेंग यांच्याबाबतीत होतो. घाणेरीचे खोड चौकोनी असते, त्यावर बारीक वाकडे काटे असतात, पाने समोरासमोर आणि खरखरीत, चुरगाळली की उग्र वास येतो. या सगळ्या खुणा जुळल्या तरच घाव घाला.

काढण्याची पद्धत

दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरलेली ही पद्धत आहे. तिचा आधार एवढाच: घाणेरीचे खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या गड्डीसारख्या भागातूनच नवे धुमारे फुटतात. त्याच्या खालून मूळ तोडले की झुडूप मरते.

१. कुदळ अरुंद पात्याची आणि धार लावलेली हवी. रुंद फावडे माती जास्त उकरते आणि मुळावर घसरते.

२. बुंध्याभोवतीचा पालापाचोळा हाताने बाजूला करा, म्हणजे खोड जमिनीत कुठे शिरते ते दिसते.

३. झुडपाकडे पाठ करून उभे राहा. काटेरी फांद्या तोंडावर येत नाहीत आणि कुदळीला मोकळी जागा मिळते.

४. जमिनीच्या ३ ते ५ सेंटीमीटर खाली मुख्य मुळावर तिरका घाव घाला. तीन-चार घावांत मूळ तुटते. जाड, जुन्या झुडपाला दोन-तीन मुख्य मुळे असतात, ती सगळी तोडावी लागतात.

५. दोघा-तिघांनी लांब काठ्यांनी झुडूप उचलून तिथेच उलटे ठेवा: मुळे वर, फांद्या खाली. सरळ पडलेल्या झुडपाच्या मुळांना ओली माती लागली तर ती पुन्हा धरतात, आणि लोळणाऱ्या फांद्यांनाही पेऱ्यांवर मुळे फुटतात.

६. उचललेल्या झुडपाचा बुंधा तपासा. गड्डी झुडपासोबत आली असेल तर काम झाले. जमिनीत राहिली असेल तर त्याच क्षणी पुन्हा खणा. उद्यावर टाकले की ती जागा सापडत नाही.

सहावी पायरी दिवसभर थकलेली टोळी गाळते. दर टोळीमागे एका माणसाला फक्त बुंधे तपासण्याचे काम द्या. मजुरी झुडपांच्या संख्येवर दिली तर घाव वरवर बसतात. रोजंदारी ठेवा, आणि ठेका द्यायचाच असेल तर निम्मी रक्कम दोन महिन्यांनी धुमारे मोजून द्या.

हंगाम पावसाच्या सुरुवातीचा चांगला. जमीन मऊ असते, झुडपावर पिकलेली फळे कमी असतात आणि मोकळ्या जागेत लगेच गवत लावता येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही ओल असते, पण तेव्हा काळी फळे लगडलेली असतात. अशी झुडपे फरफटत नेली तर वाटभर पेरणी होते, म्हणून ती जिथल्या तिथे रचावीत. मार्चनंतर जमीन दगडासारखी होते, कुदळ उडते आणि मूळ वरच तुटते. त्या काळात हे काम करूच नये.

वाळलेले ढीग जाळू नका. ढिगाखालची माती भाजते, तिथले गवताचे बी मरते आणि आगीनंतर घाणेरीच सगळ्यात लवकर उठते. शिवाय अभयारण्यात आग लावण्यास कलम ३० ने बंदी आहे. ढीग लहान ठेवा, मोठ्या झाडांच्या बुंध्यांपासून आणि जाळरेषेपासून (वणवा अडवण्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या पट्टीपासून) दूर. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात. त्याआधी पट्ट्याभोवतीची जाळरेषा वन विभागाकडून साफ झालेली असली पाहिजे, नाहीतर वाळलेली घाणेरी आगीला झाडांच्या शेंड्यापर्यंत नेते.

नंतरच्या फेऱ्या

पहिली फेरी काढणीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी, दुसरी पाऊस संपताना, तिसरी पुढच्या पावसाळ्यात पहिल्या महिन्याभरात. त्यानंतर आणखी दोन पावसाळे, प्रत्येकी दोनदा. बोटभर ते वीतभर उंचीचे रोप ओल्या मातीतून दोन बोटांनी मुळासकट निघते. तेच गुडघ्याएवढे झाले की पुन्हा कुदळ लागते, म्हणजे एक फेरी चुकली की खर्च अनेक पट होतो.

रोपे सारखी पसरलेली नसतात. बुलबुल, साळुंकी ज्या झाडांवर बसतात त्यांच्याखाली ती गर्दीने येतात. पट्ट्यातल्या अशा झाडांना आकडे द्या आणि फेरीत आधी त्यांच्याखाली जा. ओढ्याचे काठ, जुन्या ढिगांच्या जागा आणि रस्त्याच्या कडा या बाकीच्या ठरलेल्या जागा. वेळ अगदीच कमी असेल तर एवढ्या जागा पाहिल्या तरी बरेच काम होते.

मोकळ्या जागेत तरोटा किंवा टाकळा उगवतोच. पुनर्वसन झालेल्या गावांच्या जुन्या शेतांत तर तो सगळीकडे असतो. तो वर्षायू, म्हणजे एका वर्षातच उगवून मरणारा, असल्याने एकच नियम: शेंग धरण्याआधी काढायचा. ऑगस्टमध्ये फुले दिसू लागली की ओल्या जमिनीतून उपटा. वरून छाटला तर खालच्या पेरांतून फांद्या फुटून बुटक्या झाडाला शेंगा लागतात आणि मेहनत वाया जाते. रानतुळशीचेही तसेच, बी झडण्याआधी मुळासकट. कोकणात आणि घाटात रानमोडी असते. तिचे बी वाऱ्याने उडते, म्हणून ती हिवाळ्यात फुलण्याआधीच काढावी लागते.

गवत

लावण्याआधी पाहा की ते आपणहून येते का. पहिल्या पावसाळ्याच्या शेवटी एक मीटर चौरसाच्या लोखंडी चौकटी पट्ट्यात वीस ठिकाणी टाका आणि प्रत्येक चौकटीत बहुवर्षायू गवताचे ठोंब मोजा. बहुतेक चौकटींत दोन-तीन ठोंब असतील तर काहीही लावू नका, फक्त तण काढत राहा. जमीन स्वतः भरते, आणि ती जितकी चांगली भरते तितकी आपल्याला भरता येत नाही. बहुतेक चौकटी रिकाम्या असतील तरच लागवड.

गवत त्याच जंगलातले हवे. काळ्या, ओल धरणाऱ्या जमिनीत मारवेल, मुरमाड उतारावर पवना, डोंगरी आणि कुसळी, पाणवठ्याजवळ हरळी. नेपियर, गिनी गवत, स्टायलो ही चाऱ्याची पिके गोठ्यासाठी ठीक; जंगलात आणू नका. एक परदेशी वनस्पती काढायला तीन वर्षे घालवायची आणि तिथेच दुसरी लावायची, याला अर्थ नाही.

मारवेल ठोंबांनी लावतात. चांगल्या जागेतला जुना ठोंब खणून त्याचे दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करा, प्रत्येकाला मुळे हवीत. वरची पाने वीतभर ठेवून छाटा आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच दिवशी लावा. अर्धा मीटर बाय अर्धा मीटर अंतर धरले तर हेक्टरी ४०,००० तुकडे लागतात. एवढे मिळणार नसतील तर सगळीकडे विरळ लावण्याऐवजी पाच-पाच मीटरवर दाट पुंजके करा. ते टिकतात आणि बी पडून मधली जागा भरते. एका जागेवरून सगळे ठोंब काढू नका, तिसरा हिस्सा घ्या.

पवना, डोंगरी यांचे बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पक्व होते. ओंबी हातात घेऊन ओढली की बी सहज सुटले पाहिजे. ताजे बी झोपलेले असते, ते लगेच उगवत नाही. कोरड्या जागी कापडी पिशवीत ठेवून पुढच्या पावसाळ्यात वापरा. हेक्टरी साधारण ५ ते ६ किलो बी लागते. ते हलके आणि केसाळ असल्याने वाऱ्याने उडते, एकमेकांत गुंतते. म्हणून ओलसर माती किंवा वाळूत चोळून, पहिला चांगला पाऊस झाल्यावर उथळ रेघांत टाका आणि एक सेंटीमीटरपेक्षा जास्त माती ओढू नका. गवत न उगवण्याचे सगळ्यात मोठे कारण बी खोल जाणे हेच असते.

कोवळे गवत दिसताच चितळ येतात. पहिल्या वर्षी त्यांनी मुळापासून खाल्ले तर ठोंब धरत नाही. वाळलेल्या घाणेरीच्या काटेरी फांद्या इथे उपयोगी पडतात: लावलेल्या पुंजक्यांवर त्या सैलसर पसरा, पान वर येते पण तोंड खालपर्यंत पोचत नाही. त्या पूर्ण वाळलेल्या आणि फळे नसलेल्या असाव्यात. गावची गुरे अडवण्यासाठी मात्र कुंपणापेक्षा गावाशी बोलणे जास्त टिकते. कोणत्या महिन्यात कोणता पट्टा बंद आणि पर्यायी चराई कुठे, हे ग्रामसभेत ठरवून घ्या.

गवतात झाडे लावण्याचा आग्रह कोणी धरला तर नम्रपणे नकार द्या. दोन ओळींत खड्डे घेऊन रोपे लावलेले कुरण दहा वर्षांत कुरण राहत नाही. माळढोक, तणमोर, काळवीट, लांडगा यांना मोकळे गवतच लागते.

जिवाची काळजी

जाळीत शिरण्याआधी सगळ्यांनी रांगेत, मोठ्याने बोलत, काठ्या आपटत पट्टा ओलांडायचा. प्राण्याला निघून जायला वाट मिळावी म्हणून एक बाजू मोकळी ठेवा. ताजी विष्ठा, पिलांचा आवाज किंवा अर्धवट खाल्लेले सावज दिसले की त्या दिवशी काम बंद आणि वनरक्षकाला निरोप. वाकून काम करणारा माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, म्हणून दर सहा-सात जणांमागे एकाने उभे राहून फक्त लक्ष ठेवायचे, आणि त्याला कुदळ द्यायची नाही. सकाळी आठच्या आधी आणि चारनंतर जाळीत कोणी नको. एकट्याने शौचाला किंवा पाण्याला जाणे नको. कुत्रे सोबत नको.

अंगात जाड पूर्ण बाह्यांचा सदरा, चामड्याचे हातमोजे, घोट्यावरचे बूट आणि डोळ्यांना चष्मा. झुडूप उलटे करताना फांदी परत उसळते आणि काटा डोळ्यात जातो, हा नेहमी होणारा अपघात आहे. पाल्यात घोणस आणि फुरसे असतात. दुसरी पायरी करताना आधी काठीने पाला हलवा, मग हात घाला. साप चावला तर जखम कापणे, बांधणे, चोखणे काही नाही: माणसाला आडवे ठेवा, हलू देऊ नका आणि सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयात न्या. ते रुग्णालय कोणते आणि गाडी कोणती, हे पहिल्या दिवशी सकाळीच सगळ्यांना माहीत हवे.

संध्याकाळी निघताना बूट, कपडे आणि हत्यारे त्याच पट्ट्यात झटका. रानतुळशीचे आणि गवताचे बी कपड्यांना चिकटून दुसऱ्या कक्षात जाते.

नोंद

पट्ट्याच्या चार कोपऱ्यांचे जीपीएस बिंदू, काढणीची तारीख, टोळीची संख्या, प्रत्येक फेरीत उपटलेली रोपे. फोटोसाठी एक खांब रोवा आणि दर ऑक्टोबरमध्ये त्याच खांबावरून, त्याच दिशेला, त्याच उंचीवरून फोटो घ्या. वीस चौकटींची मोजणी दर वर्षी त्याच जागी. गवताची टक्केवारी वाढते आहे पण घाणेरीची रोपे कमी होत नाहीत, असे दिसले तर जवळपास एखादी फळांनी लगडलेली जाळी राहिली आहे, ती शोधा. दोन्ही कमी होत असतील तर चराई जास्त आहे. पट्ट्यात लेंड्यांचे ढीग मोजले की ती वन्यप्राण्यांची आहे की गुरांची, ते कळते.

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये याच पट्ट्यातले पक्व बी थोडे खुडून घ्या, प्रत्येक ओंबीतले निम्मे सोडून. कापडी पिशवीवर गवताचे नाव, कक्ष क्रमांक आणि वर्ष लिहून ठेवा. शेजारचा पट्टा पुढच्या जूनमध्ये उघडायचा आहे, त्याला हेच बी लागेल.